ला पाझची पाचवी

"आग हाये, पानी हाये, गंज हाये. मंग शिजत काहून नाई? वैशू, मले सांग, शिजत काहून नाई?"

वहिनी, असं तुम्ही ओरडत होत्या, आणि दर दोन शब्दांना श्वास घ्यायला थांबत होत्या. आपल्या गावात तुमचा आवाज बोडीच्या एका पाळीवरून निघाला की दुसऱ्या पाळीजवळची म्हैस तळ्यातून उठून घरी यायची, आणि ती आपली म्हैस नसली तरी यायची. ला पाझमध्ये तोच आवाज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाता जाता दमत होता. "शिजत," मग श्वास. "काहून," मग श्वास. "नाई," आणि मग ओट्याला हात टेकून नुसतं उभं राहणं. माणसाला असं हप्त्याहप्त्यानं रागावताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

काल तुमची तेरवी आटोपली. मांडव सुटला, सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, पाहुणे वरठीहून गाडी धरायला निघून गेले. आज सकाळी ओसरीत तुमच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, आता निवांत रडून घ्यावं. घरात पाहुणे असताना नीट रडता येत नाही, कोणी ना कोणी चहा घेऊन येते. पण तुमचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेलो की तुम्ही त्या ओट्यापाशीच दिसता. डोक्याला माझा मफलर, हातात सराटा, समोर रटरट उकळणारा भाताचा गंज. आणि मला हसू येते. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्यानं एकटं हसत बसणं बरं दिसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आपण तिथं कसे पोचलो हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण गरज नसलेलं सांगणं हाच माझा धंदा, असं तुम्हीच गावभर करून ठेवलं आहे, तेव्हा ऐका. तुमची एकुलती एक वैशू, जावयाच्या नोकरीपायी बोलिव्हिया देशात, ला पाझ नावाच्या राजधानीत. तिचं पहिलं बाळंतपण. रीतीनं पोरीनं माहेरी यायचं, पण डॉक्टरनं विमानाला नाही म्हटलं. सगळे हळहळले. तुम्ही हळहळल्या नाहीत. "पोरगी माहेरी नाई येत तं माहेर पोरीकडं जाईन," म्हणाल्या आणि लुगडी धुवायला काढली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तुमचे मालक, आधीच गेलेले. मी वरठीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन रिकामा. तेव्हा माहेर म्हणून उरलं काय, तर तुम्ही, मी, आणि बोडीखालच्या आपल्या धानाच्या बांधीतल्या चिन्नोर तांदळाची एक पुरचुंडी.

ती पुरचुंडी तुम्ही सगळी विमानं बदलेपर्यंत पोटाशी धरून होत्या. तिथल्या विमानतळावरच्या साहेबानं ती सोडायला लावली. माझ्या सांगण्यात असं आहे की त्यानं वास घेतला, डोळे मिटले, त्याला त्याची आई आठवली आणि त्यानं स्वतःच्या हातानं गाठ बांधून दिली. तुमच्या सांगण्यात असं होतं की त्याला सर्दी झाली होती आणि मागं लांब रांग होती. हा वाद आपला मिटला नाही. आता तुम्ही नाही, म्हणजे माझंच खरं.

आणि ते शहर. मी मोहाडीच्या बाजारात सांगायला लागलो की लोक म्हणतात, भाऊनं सोडली गाडी. पण त्या शहराबद्दल खोटं बोलायला जागाच नाही, ते स्वतःच इतकं खोटं दिसते. विमान उतरते ते वरच्या पठारावर, ढगाच्या शेजारी. तिथून मोटार खाली निघाली आणि पायापुढं एकदम हा एवढा खळगा उघडला, डोंगराच्या पोटात कोणी मुठीनं पाडावा तसा. त्याच्या सगळ्या अंगांना, तळापासून काठापर्यंत, विटांची घरं चिकटलेली. जावई मोठ्या अभिमानानं तुमच्याकडं पाहत होते. तुम्ही काचेतून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "गंज घासला नाई कोनं. शितं तशीच लागून हायेत." मी इतकी वर्षं त्या शहराचं वर्णन करतो आहे, याहून चांगलं मला सापडलं नाही. बाजारात ते मी माझ्या नावावर खपवतो.

डोक्यावरून तारेला लटकलेले डबे जातात, त्यात माणसं बसलेली, आपल्याकडं एसटी तसं त्यांचं ते. माझ्या सांगण्यात एका डब्यात नवरदेव होता आणि मागच्या डब्यात बँडवाले वाजवत होते. तुम्ही म्हणायच्या, "कोंबडी घेऊन एक बाई होती, बस." रस्त्याच्या एका काठाला ऊन भाजते आणि दुसऱ्या काठाला सावलीत दात वाजतात. मी मधोमध चाललो म्हणून निम्मा मफलरात आणि निम्मा घामात. देशाला राजधान्याही दोन, एक घटनेतली आणि एक कामाची. जावयांना वाटलं मी चकित होईन. मी म्हटलं, यात काय, आमचं नागपूरही हिवाळ्यात राजधानी होते, मंत्री येतात, संत्री खातात, परत जातात. आणि त्या बायका, वहिनी. डोक्यावर गोल साहेबी टोपी, खाली घेरदार परकर, पाठीवर रंगीत कापडात बांधलेलं लेकरू. त्यांनी तुमच्या लुगड्याकडं पाहिलं, तुम्ही त्यांच्या परकराकडं पाहिलं, आणि दोन्हीकडून मान हलली. जणू एकमेकींच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या.

हवा मात्र नाही. म्हणजे आहे, पण आपल्या वाट्याची नाही. घराचा जिना चढताना छातीत लोहाराचा भाता लागला. जावयांनी कसल्याशा पाल्याचा चहा दिला, तिथं सगळे पितात, डोकं उतरते. तुम्ही एक घोट घेतला, म्हणाल्या, "शेळीले टाका हे," आणि मग किटली संपवली.

तिथं पोचलो तेव्हा वैशू बाळंत झालेली होती. मुलगी. उमा. तुम्ही तिला मांडीवर घेतली आणि सगळ्यात आधी घरभर फिरून डब्यांची झाकणं सैल केली. आपल्या घरची रीतच ती. लेकरू जन्मल्यापासून पाचवी होईपर्यंत बाळंतिणीच्या घरात काही बंद ठेवायचं नाही. पेटीचं कुलूप काढायचं, वेणीची गाठ सोडायची, भांड्यावर झाकण नाही. बंद भांड्यात लेकराचा श्वास अडकतो. आणि पाचवीला सटवाईपुढं भाताचा नैवेद्य, घरच्या बांधीतल्या तांदळाचा, उघड्या गंजात शिजवून, पेज काढून. ती त्या दिवशी लेकराच्या कपाळी नशीब लिहायला येते, आणि तुमचं म्हणणं, उपाशी बाई काय चांगलं लिहील.

तर पाचवीला तुम्ही गंज चढवला. उकळी आली, घरच्यापेक्षा लवकर आली. तुम्ही खूश. गावात तुम्ही चुलीकडं पाठ करून उभ्या राहिल्या तरी सांगायच्या, झाला भात. त्याच अंदाजानं पेज काढली, शीत दाताखाली धरलं, आणि ते कडकन बोललं. पुन्हा चढवला, पुन्हा तसाच. पुरचुंडीत आता एका नैवेद्यापुरताच तांदूळ राहिला. तेव्हा तुम्ही ओरडल्या.

वैशू पलंगावरून म्हणाली, "आई, कुकर लाव ना. इथं पाणी लवकर उकळते, पण तेवढं तापत नाही. हवा विरळ आहे म्हणून."

"हवा कमी हाये?"

"हो."

"म्हंजे श्वास कमी हाये."

"हो आई, तेच सांगतेय मी."

"अन् अशा जागी तू मले झाकन लावाले सांगते? लेकराच्या वाट्याले तसाच थोडा श्वास, तोही कोंडून टाकू?"

तुम्ही त्या शिकलेल्या पोरीचंच शास्त्र उचलून तिच्या अंगावर सोडलं होतं. बाळंतीण बाई, तिनं तोंड फिरवलं आणि रडायला लागली. जावई बिचारे हातात टॉवेल धरून उभे, कोणाला द्यायचा ते कळेना.

मग तुमचा आवाज उतरला. तेव्हा मी घाबरलो. वहिनी ओरडत आहेत तोवर सगळं ठीक आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक. तुम्ही हळू म्हणाल्या, "भाऊजी, सटवाई घेत नाई. तिले या घरचं खानं नाई पायजे. ती येनार नाई." आणि पाळण्याकडं पाहिलं. उमा भराभर श्वास घेत होती. नवी लेकरं तशीच घेतात, डॉक्टरनं सांगितलं होतं. पण वैशूच्या आधीचं तुमचं ते एक लेकरू, पाचवीपर्यंत न पोचलेलं, तेही असंच श्वास घेत होतं. आपल्या घरात त्याचं नाव निघत नाही, कारण नाव ठेवायची वेळच आली नाही. वैशूला तेव्हा ते माहीतही नव्हतं. त्या खोलीत ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं. आपण दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मी माझं एकुलतं हत्यार काढलं. म्हटलं, "वहिनी, आपन किती उंच येऊन बसलो, इचार केला काय? आपल्या गावाले याले सटवाईले आभाळातून इतकं खाली उतरावं लागते की बाईले पोचेपर्यंत भूक लागते. म्हनून तिथं भात. इथं तं ती शेजारीन हाये. खिडकीतून हात घालीन अन् लिहून जाईन. म्या तं म्हनतो लिहून गेली."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. "शेजारीन असो का पावनी असो, माझ्या दारातून उपाशी कोनी जात नाई. अन् तुमी फेकनं बंद करा जी. श्वास लागते त्यालेही."

पुरचुंडीतला शेवटचा तांदूळ तुम्ही धुवायला घेतला. माझी थाप अशी सपशेल पडल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. आणि थाप मारताना माझी जीभ टाळूला चिकटली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते आज सांगतो.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची घरमालकीण वर आली. तिला सगळे दोन्या रुफिना म्हणत, दोन्या म्हणजे त्यांच्याकडचं बाई. डोक्यावर टोपी, पाठीवर दोन वेण्या, आणि बांधा असा की तिच्या आधारानं डोंगर उभा असावा. ओरडणं ऐकून आली असणार. जावयांनी तिला तिच्या भाषेत सांगितलं, भात, झाकण, सटवाई, सगळं. तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं, गंजात डोकावून पाहिलं, आणि तुमच्या बाजूच्या स्टुलावर बसली. गंज आता उकळत होता आणि तुम्ही सराटा घेऊन पेज काढायला टपल्या होत्या. तिनं तुमचा हात धरला. सराटा खाली राहिला.

मग तुम्ही दोघी बसल्या. ती उठली नाही, तुम्हाला उठू दिलं नाही. मधेच ती हनुवटीनं मला खूण करायची, मी किटलीतलं उकळतं पाणी गंजात ओतायचो. बोलायला भाषा नव्हती, आणि तुम्हाला श्वास नव्हता. खिडकीतून तो पांढरा इलिमानी डोंगर दिसत होता. त्याच्यावरचं ऊन पिवळं झालं, मग उतरलं. भाताला इतका वेळ लागला की माझ्या सांगण्यात तेवढ्यात उमाला दात आले.

आणि मग वास आला. वहिनी, आपल्या बांधीचा वास, इतके समुद्र ओलांडून, ढगात. तुम्ही एक शीत बोटानं दाबलं आणि ते निमूट बसलं. पानावर वाढलं, नैवेद्य दाखवला, दार उघडं ठेवलं, खिडक्या उघड्या ठेवल्या. आम्ही सगळे पांघरुणं घेऊन कुडकुडत बसलो, पण त्या घरात झाकण कशालाच लागलं नाही. वैशू रडून रडून झोपली होती, ती उठून भात मागायला लागली. तुम्ही तिला भरवला.

परत आल्यावर मी या गोष्टीला हातपाय फोडले. गावात सांगितलं की दोन्या रुफिना ही त्या डोंगराची पुजारीण. तिनं वहिनीचा हात धरला तेव्हा इकडची देवी आणि तिकडची देवी, दोघींचं बोलणं झालं, आणि मी समोर किटली धरून उभा होतो, अंगावर काटा. ऐकणारे तुमच्याकडं वळायचे, खरं काय जी? तुम्ही म्हणायच्या, "भात शिजला." बस. एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंसं शेपूट. मी चिडायचो. म्हणायचो, निदान एवढं तर कबूल करा की तिनं हात धरून बसवलं म्हणून तुम्ही थांबल्या, नाही तर तिसरा भातही कच्चाच गेला असता. की लगेच तुम्ही विचारायच्या, "म्हशीले पानी दाखवलं काय?" म्हैस विकून टाकल्यावरही विचारायच्या. ही तुमची पळवाट मी ओळखून होतो, पण ती कुठं जाते ते मला कधी कळलं नाही.

मी काही तुमच्यावर रागावू शकत नाही. बिनआईच्या या घरात तुम्ही सून होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो. माझी पहिली मोठी थाप तुम्हीच ऐकली. शाळेच्या वाटेवर वाघ पाहिला म्हणून सांगितलं. दादा छडी शोधायला गेले. तुम्ही ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "भेलेल्या मानसाचं पोट रिकामं होते. खा." वाघ होता की नव्हता, विचारलंच नाही. तो दिवस आणि कालचा दिवस, मधे मी जे काही बोललो ते त्या भातावर बोललो.

ला पाझहून आलो तरी तुम्ही मात्र पूर्ण परत आल्या नव्हत्या. तिकडून फोन आला की हातातलं खाली ठेवायच्या. उमाला ताप आला, खोकला आला, की फोन झाल्यावर माझ्याकडं येऊन हळू विचारायच्या, "शिजला होता ना जी तो?" मी म्हणायचो, "लोन्यासारखा." आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी होती तेवढीच सांगितली. तरी पुढच्या फोनला तुम्ही पुन्हा विचारायच्या.

म्हणून म्हणतो, वहिनी, या थंडीत त्यांच्या शाळेला मोठी सुट्टी लागली आणि वैशू उमाला घेऊन आली, ते फार बरं झालं. तुमची छाती तेव्हा कफानं भरायला लागली होती. खाटेवरून उठवत नव्हतं. उमा आली त्याच दिवशी बोडीच्या पाळीवर पळायला लागली. गावची पोरं तिच्यामागं धावून धावून धापा टाकत बसली, आणि ही थांबेचना. विरळ हवेत वाढलेली पोरगी, आपली हवा तिला दुधासारखी दाट लागत असणार. तुम्ही खाट पाळीकडं तोंड करून ठेवायला लावली. पाहत राहिल्या. म्हणाल्या, "किती श्वास हाये जी पोरीले."

त्यानंतर तुम्ही मला ते भाताचं विचारलं नाही. एकदाही नाही. आणि मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, या कुशीवरून त्या कुशीवर वळल्या आणि संपलं. नळ्या नाहीत, दवाखाना नाही, तिकडच्या ढगात नाही, आपल्या ओसरीत. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, धीर धरा. मी मान हलवत होतो. आतून मात्र मला असं मोकळं वाटत होतं की लाज वाटावी. माझ्या छातीवरूनच कोणी झाकण काढलं असं वाटलं. तुम्ही सुटल्या म्हणून, आणि सुटण्याआधी तुम्हाला भीती सोडून गेली म्हणून. रडू येईल तेव्हा येईल. मला घाई नाही.

आता हे लिहीत होतो तर उमा येऊन तुमच्या खाटेवर बसली. काय लिहिता म्हणून विचारलं. मी कागद ठेवला आणि तिला सांगितलं, सगळं, माझ्या पद्धतीनं. ढगातलं शहर, रागावलेली सटवाई, तिच्यासाठी लढणारी आजी. आणि दोन्या रुफिना कशी पायऱ्या चढून आली, तिनं आजीचा हात कसा धरला, तिला कसं कळलं की या बाईला थांबवायला हवं, तिच्या हातातून तो डोंगरच कसा आजीच्या अंगात उतरला. उमा अजूनही त्याच घरात राहते, त्या बाईच्या अंगाखांद्यावर वाढली आहे. तिचं मराठी वैशूकडून शिकलेलं, सावकाश, स्वच्छ. तिनं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "दोन्या रुफिना सांगते, तिला खाली जायचं होतं, तिचं सूप गॅसवर होतं. पण आजी तिचा हात सोडत नव्हती."